यंत्र आमचे, मुदत कोणाची?

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग नागोठणे मागे टाकून कोलाडच्या दिशेने निघाला की वाटेत खांब हे आमचे गाव लागते. आणि २०११ साली आरंभिलेले त्या रस्त्याचे चौपदरीकरण ज्या संथ पावलांनी चालत आले आहे ती पाहता, वाहनात बसलेल्या प्रवाशास गावाची पाटी वाचण्यास, तिच्यावर चिंतन करण्यास आणि ती विसरून जाण्यासही आजवर पुरेसा अवधी मिळत आलेला आहे. या गावी, आमच्या घराच्या पडवीलगतच्या खोलीत, २०१३ साली घेतलेला एक टेबलावरचा संगणक आहे. आळीतल्या लग्नपत्रिका त्याच्यावर जुळविल्या गेल्या, उत्सवाच्या वर्गणीचे हिशेब त्याने राखले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सातबाराचे उतारे त्याने छापून दिले, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तालुक्यात कितीतरी दिवस वीज नव्हती तेव्हा ताडपत्रीखाली मुकाट्याने पडून राहून, दिवे आले त्या दिवशी पहिल्याच बटणाला तो सुरू झाला. अशा यंत्रास घरातली तरुण मंडळी ‘जुना झाला’ एवढ्याच कलमाखाली निकालात काढू लागली की एखाद्या इमानी कारकुनास निवृत्तिवेतनावाचून घरी धाडल्यासारखे मला वाटते. या यंत्राचे ग्राफिक्स कार्ड आम्ही नुकतेच बदलले; आणि त्या लहानशा खटाटोपात जे उमगले ते सार्वजनिक विचारास योग्य आहे अशी खात्री झाल्यावरून हा लेखनप्रपंच.

निमित्त झाले ते पुतणीचे. पेण आणि हमरापूर येथील गणपतीच्या कारखान्यांत सुट्टीचे दिवस काढता काढता तिला मूर्तिकलेचा नाद लागला, आणि शाडूला हात लावण्यापूर्वी मूर्तीची ठेवण संगणकाच्या पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून पाहावी, सोंडेची वळणे तिथेच सुधारावीत, असा तिचा मनोदय. त्यासाठी लागणारी ब्लेंडर नावाची प्रणाली विनामूल्य मिळते; जगातले नामवंत चित्रपटकार आणि पेण तालुक्यातली शाळकरी मुलगी या दोघांनाही ती सारखीच खुली आहे. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून ओपनजीएल या चित्ररचनेच्या प्रमाणभाषेचा ४.३ हा दर्जा यंत्रास अवगत असणे सक्तीचे झाले, आणि आमच्या संगणकातील इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेली चित्रव्यवस्था ४.० च्या पलीकडे शिकलेली नव्हती. प्रणाली सावकाश चालली असती तर आम्ही धीर धरला असता. ‘काका, उघडतच नाही,’ असे ती म्हणाली, तेव्हा प्रश्न वेगाचा नसून प्रवेशाचा आहे हे ध्यानी आले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमके काय, हे सांगण्यास आमच्या जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एकच असतो. त्याच्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यावर मूर्तीचा भाव अवलंबून असल्यामुळे ते काम दहाजणांत वाटून देता येत नाही. याउलट अंगाचा रंग देणे, पितांबर रंगविणे, ही कामे शेकडो मूर्तींवर एकाच वेळी अनेक हात करू शकतात, कारण प्रत्येक हाताने करावयाचे ते तेच आणि तेवढेच असते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा आखणी करणारा कारागीर होय, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे ओळीने बसलेले ते शेकडो रंगारी. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा ते नव्याने रंगवायचे म्हटले तर सेकंदागणिक बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम एकट्या आखणीकारावर टाकल्यास चतुर्थी उलटून गेली तरी कारखान्यातल्या मूर्ती कोऱ्याच राहतील.

या कार्डाचा इतिहास फारसा जुना नाही. १९९९ साली एनव्हिडिया या कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणताना ‘जीपीयू’ या शब्दाचा गाजावाजा केला, आणि खेळांच्या हौसेपायी वाढलेले हे यंत्र पुढे गणिताचे, हवामानाचे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे वाहन होऊन बसले. मात्र या धावपळीत एक गोष्ट नकळत चांगली घडली, आणि तिची स्तुती करावी तेवढी थोडी. पीसीआय एक्सप्रेस नावाची जी लांब खाच २००४ च्या सुमारास संगणकांच्या मदरबोर्डांवर आली, तिचा आकार आजतागायत तसाच आहे. आवृत्त्या बदलल्या, वेग दुणावत गेला, तरी आजचे कार्ड दहाबारा वर्षांपूर्वीच्या खाचेत बसते, आणि दोघांपैकी जो सावकाश त्याच्या चालीने दोघेही निमूटपणे चालतात. भ्रमणध्वनीची पाठ डिंकाने चिकटविलेली असते, नव्या लॅपटॉपात स्मरणशक्तीचे तुकडेही मदरबोर्डाला डाखलेले असतात. अशा काळात, एका स्क्रूड्रायव्हरने उघडता येणारा आणि अवयव बदलून घेणारा हा टेबलावरचा डबा म्हणजे, गृहस्थाला आपल्या यंत्राचा मालक म्हणवून घेण्याचा जो काही अधिकार उरला आहे, त्याचे अखेरचे ठाणे होय.

परंतु खाच जुळली म्हणजे सोयरीक जुळली असे नव्हे. कोलाड नाक्यावरच्या ज्या तरुण कारागिराने आमच्या यंत्राची पाहणी केली, त्याने डब्याची बाजू उघडताच प्रथम एसएमपीएसकडे, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीकडे बोट दाखविले आणि म्हणाला, ‘काका, कार्ड बसेल हो, पण एसएमपीएस उचलणार नाही.’ पेटीवर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते. त्याने मला खालचा बारीक तक्ता वाचावयास लावला: प्रोसेसर आणि कार्ड ज्या बारा व्होल्टच्या तारांवर जगतात, त्या तारांच्या वाट्याला चौदा अँपिअर. बाराला चौदाने गुणले की हाती येतात १६८ वॅट; बाकीचे सारे ऐश्वर्य कागदोपत्री. त्यातून ५५ वॅट प्रोसेसरचे, काही डिस्कचे आणि पंख्याचे वजा केले की नव्या पाहुण्याच्या पानात काय वाढता येईल याचा अंदाज होतो. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डांना सहा किंवा आठ पिनांची वेगळी तार लागते, जी आमच्या पेटीत नव्हतीच. पेटीच्या अंगी बळ असते तर ७५ वॅटचे कार्ड बसविता आले असते. आमची पेटी, तिचे वय आणि महावितरणच्या पावसाळी विजेचे लहरी येणेजाणे पाहता ३० वॅटचे कार्ड घेणे हाच शहाणपणा, असा निकाल त्या नाक्यावरच्या कचेरीत झाला.

आणखी दोन मुद्द्यांची तपासणी त्याने केली, आणि दोन्ही मुद्दे असे की दुकानदार ते आपण होऊन क्वचितच काढतो. यंत्र सुरू होताना प्रथम जागी होणारी जी बायॉस नावाची मूळ आज्ञावली, ती फार जुन्या वळणाची असल्यास काही नवी कार्डे तिला ओळखच देत नाहीत, आणि पडदा काळाच राहतो. दुसरा मुद्दा पडद्याच्या तारेचा. आमचा पडदा पंधरा छिद्रांच्या व्हीजीए जोडणीचा. ती जोडणी १९८७ ची, आणि गेल्या कित्येक वर्षांत निघालेल्या बहुतेक कार्डांनी तिला दारातूनच रजा दिलेली आहे. तेव्हा मध्ये एक कन्व्हर्टर घालणे प्राप्त झाले. सारांश, जुन्या यंत्रास नवे कार्ड आणणे हे सून आणण्यासारखे आहे; मुलीचे गुण पाहण्यापूर्वी घरची परिस्थिती पाहिली पाहिजे.

येथे एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे, ते असे की ग्राफिक्स कार्ड बदलावे असे ज्यांना वाटते त्यांच्यापैकी पुष्कळांना त्याची गरज नसते. गाडीला एक थकलेला बैल आणि एक तरणा खोंड जुंपला तर गाडी थकलेल्या बैलाच्या चालीने जाते, आणि खोंडाची रग जोखड ओढण्यात वाया जाते. जुन्या प्रोसेसरला महागडे कार्ड जोडणाऱ्याच्या पदरी हेच पडते. ज्याचे काम मराठी टंकलेखन, सातबारा, शाळेचे अर्ज आणि सायंकाळचे एखादे कीर्तन ऐकण्यापुरते आहे, त्याने कार्डाचा विचार सोडून फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढावी, तिच्या जागी एसएसडी बसवावी आणि रॅम ८ जीबीपर्यंत वाढवावी. तेवढ्याने त्याच यंत्राचा कायापालट होतो, आणि खर्चही कार्डाहून बेताचा येतो. कार्ड घ्यावे ते काम अडले म्हणून. शेजाऱ्याच्या घरी आले म्हणून घ्यावयाची ती वस्तू नव्हे.

आता नावाविषयी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याला सरकारी दप्तरात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, कार्ड शोधण्यास आम्ही काकापुतणी गेलो तेव्हा जीटी १०३० हे नाव दुकानोदुकानी कानी पडू लागले. २०१७ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने काढलेले हे ३० वॅटचे लहान कार्ड आमच्या पेटीला सोसणारे. त्यात ओपनजीएल ४.६ पर्यंतची विद्या. परंतु या एकाच नावाने दोन कार्डे विकली गेली आहेत. मूळ कार्डावरची स्मृती जीडीडीआर-५ जातीची, सेकंदाला सुमारे ४८ जीबी मजकूर ने-आण करणारी. पुढील वर्षी त्याच नावाखाली जे दुसरे कार्ड आले त्यावर डीडीआर-४ जातीची स्मृती, जिची ने-आण १६.८ जीबीची, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची. नाव तेच, अंक तोच, खोक्याचा थाट तोच. फरक सांगणारी अक्षरे मात्र खोक्यावर शोधून काढावी लागतात. हापूस म्हणून पेटी घ्यावी आणि घरी येऊन वास घेतल्यावर आंबा कोणत्या बागेचा ते कळावे, असा हा प्रकार. आणि आंब्याच्या बाबतीत निदान नाक तरी आपले असते. पुतणीने खोके उलटसुलट करून ती अक्षरे वाचली, जुन्या बाजारातले पण पहिल्या जातीचे कार्ड पसंत केले, आणि ते चालवून दाखविल्यावाचून पैसे देऊ नका असे मला डोळ्यांनीच खुणावले. जुन्या बाजारात ही दक्षता विशेष आवश्यक, कारण मोठ्या कार्डांपैकी कित्येक आभासी चलनाच्या खाणीत रात्रंदिवस राबून आलेली असतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली रीत बदलून कार्डांची गरजच संपविली, तेव्हापासून त्यातली अनेक कार्डे पुसूनपासून बाजारात उभी आहेत.

बसविण्याचा समारंभ घरीच झाला. मुख्य बटण बंद करून तार काढली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, पावसाळ्यांच्या दमटपणाने काळवंडलेल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, मागची पत्र्याची पट्टी काढली, आणि कार्ड खाचेत सरळ दाबताच टोकाची खिटी टक् असा आवाज करून बसली. सारे कुटुंब पडद्याकडे पाहू लागले. पडदा काळा. मी एसएमपीएसला दोष दिला, मग बायॉसला, मग लॅमिंग्टन रोडला; आणि माझी ही फिर्याद रंगात आली असतानाच पुतणी डब्यामागे वाकून म्हणाली, ‘काका, वायर जुन्याच घरात लावलीत!’ दहाबारा वर्षांच्या सवयीने मी पडद्याची तार मदरबोर्डाच्या जुन्या छिद्रात बसविली होती. ती कन्व्हर्टरमार्गे कार्डास जोडल्यावर पडदा उजळला, ब्लेंडर उघडले, आणि करड्या मातीचा एक गोळा पडद्यावर सावकाश फिरू लागला.

येथवर ही कथा सुखान्त आहे, आणि येथेच ती संपली असती तर तिला वर्तमानपत्रात जागा मागण्याचे कारण नव्हते. परंतु यंत्र दुरुस्त झाल्यावर मला कळले की ते आमचे नाही. डबा आमचा, पत्रा आमचा, वीजबिल आमचे. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित साथ काढून घेतली, आणि विंडोज ११ च्या दारावर टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर यांची अट लावलेली असल्यामुळे आमच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रास तेथे राजमार्गाने प्रवेश नाही. त्याच महिन्यात एनव्हिडियानेही, ज्या कुळीतले आमचे कार्ड आहे त्या पास्कल कुळीची नियमित साथ आटोपती घेतली. सुरक्षेपुरती डागडुजी तेवढी ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहावयाची आहे. धातू झिजला नाही, पंखा अडला नाही, काम अडले नाही. सातासमुद्रापलीकडून एक फर्मान निघाले आणि चालते यंत्र बेवारस ठरले.

या नात्याला आमच्या कोकणात जुने नाव आहे: खोती. जमीन पिढ्यान् पिढ्या कूळ कसत असे, घाम कुळाचा, बी कुळाचे; परंतु वहिवाट किती काळ टिकावयाची हे खोताच्या मर्जीवर, आणि लेखी हक्क पाहू गेल्यास कुळाच्या हाती चिठोरेही नसावयाचे. आमच्याच जिल्ह्यात, जो तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई, चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी जमीन न कसण्याचा संप पुकारला आणि उपासमार सोसून तो सहा वर्षे चालविला; १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत अखेर संपुष्टात आली. त्या कुळांनी सोसलेल्या हालांशी आमच्या गैरसोयीची बरोबरी करणे हा अधमपणा होईल, आणि तसा माझा हेतू नाही. साम्य आहे ते नात्याच्या आकृतीपुरते: वस्तू कसणारा एक, आणि तिची मुदत ठरविणारा दुसरा, आणि ती मुदत पहिल्याला आगाऊ न सांगण्याची दुसऱ्याला मुभा.

ज्या महामार्गावर खांब आहे त्याच महामार्गाचा आरंभ जेथे होतो त्या पनवेलजवळ योट्टा या कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर उभे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तेथे एनव्हिडियाच्या एच१०० या जीपीयूंची पहिली खेप आली. असा एकेक जीपीयू ७०० वॅटपर्यंत वीज घेतो. आमच्या कार्डासारखी तेवीस कार्डे त्याच्या एकट्याच्या विजेवर चालतील. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी १०,३७२ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, आणि त्यातील मोठा भाग अशा गणनाशक्तीसाठी आहे. यात गैर काही नाही. देशाला मोठी यंत्रे हवीतच. परंतु मोठ्यांच्या भुकेची झळ लहानांच्या चुलीला लागते हेही नोंदविले पाहिजे. या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे स्मृतीच्या चिपांचे भाव जगभर भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने घरगुती ग्राहकांसाठीची आपली क्रुशल ही शाखाच गुंडाळण्याचे जाहीर केले. नवा संगणक महागत जाणार असेल, तर जुना टिकविणे ही हौस राहत नाही, गरज होते. मुळशीचे पाणी आमच्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात पडून १९२७ पासून मुंबईचे दिवे लागत आले. जवळच्याला शेवटी मिळण्याची आमच्या जिल्ह्यास सवय आहे. म्हणून मागणेही मी लहानच मागणार आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की कोणतीही कंपनी एखाद्या वस्तूची अनंतकाळ सेवा करू शकत नाही. आठनऊ वर्षांपूर्वीच्या कार्डासाठी अभियंते बसवून ठेवणे हा धंदा नव्हे, धर्मादाय होय. हे मला मान्य आहे. दुसरा असा की जुनी यंत्रे त्याच कामाला अधिक वीज जाळतात, आणि साथ संपलेली प्रणाली चालविणे म्हणजे चोरांसाठी कडी काढून ठेवणे. हेही मान्य, म्हणूनच आमच्या यंत्रावर आता विंडोजच्या जागी लिनक्स प्रणाली बसविली आहे, जी युनिकोड मराठी सुरेख दाखविते आणि जिच्यावर ब्लेंडर विनातक्रार चालते. परंतु या आक्षेपांमुळे माझी मूळ तक्रार बाद होत नाही, कारण मुदत असू नये असे माझे म्हणणेच नाही. मुदत लिहून द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते, गॅसच्या सिलिंडरवरदेखील तपासणीची तारीख कोरलेली असते. आणि हजारो रुपयांच्या कार्डावर, जे अमुक साली अर्धमेले होणार हे आज ना उद्या ठरतेच, एक अक्षर नसावे याला समर्थन काय?

हे अशक्यही नाही. आवेष्टित वस्तूंसंबंधी २०११ चे वैधमापन नियम आजही खोक्यावर उत्पादकाचे नाव, कमाल किंमत आणि मूळ देश छापावयास लावतात. त्यात संगणकाच्या भागांपुरत्या आणखी चार ओळी घालाव्यात. स्मृतीची जात व वेग, लागणारे वॅट, लागणारी जोडणी, आणि निर्मात्याची साथ निदान कोणत्या तारखेपर्यंत राहील ती तारीख. आणि या चारही ओळी राज्यभाषेत, वाचता येतील अशा टंकात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षेची साथ किमान किती काळ देणार हे जाहीर करणे बंधनकारक झाले आहे, जरी टेबलावरचे संगणक त्या कायद्यातून वगळलेले आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक कसा असावा याविषयी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये आपला अहवालही सादर केला. हा निर्देशांक जेव्हा अंमलात येईल तेव्हा त्यात स्क्रू किती आणि डिंक किती एवढेच मोजून थांबू नये. साथीची मुदतही मोजावी. कारण आमच्या यंत्राचे सर्व स्क्रू सुटतात, आणि तरीही ते मारले गेले.

जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालये यांच्यासाठी आणखी एक सूचना. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात असलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तू पुन्हा कामास लावणाऱ्याला अधिकृत ओळख दिली आहे. तेव्हा कपाटाआड धूळ खात पडलेले संगणक निर्लेखनाच्या यादीत चढविण्यापूर्वी, कोलाड नाक्यावरच्या त्या तरुणासारख्या एखाद्या जाणत्या कारागिराकडून त्यांचा रीतसर पंचनामा करवून घ्यावा: कोणाला एसएसडी पुरेल, कोणाला रॅम, कोणाला कार्ड, आणि कोण खरोखरच गेला. दहापैकी चार जरी उठून बसले तरी एका शाळेची अडचण दूर होईल, आणि मुलांच्या हाती स्क्रूड्रायव्हर पडेल, हा नफा निराळाच.

पुतणीची पहिली मूर्ती पडद्यावर तयार झाली आहे. सोंड डावीकडे वळलेली, कान जरासे मोठे. डोळे मात्र तिने कोरेच ठेवले आहेत, कारण आखणी कुंचल्यानेच करायची असा तिचा हट्ट. परवा डब्याची बाजू पुन्हा बसविण्यापूर्वी तिने वहीतले एक पान फाडून तिच्या आतल्या अंगाला चिकटविले. त्यावर बाळबोध अक्षरांत लिहिले आहे: कार्डाचे नाव, स्मृती जीडीडीआर-५, वीज ३० वॅट, वेगळी तार लागत नाही, पडद्याला कन्व्हर्टर लागतो, सुरक्षेची साथ ऑक्टोबर २०२८ पर्यंत. खोक्यावर जे असावयास हवे होते ते डब्याच्या आत आले. पुढे कधीतरी हा डबा उघडणाऱ्या माणसाला, तो कोणीही असो, निदान एवढे तरी कोणाला विचारीत बसावे लागणार नाही.